जिप्सीच्या टपावरचं कॅरियर

ऋषिराजनं फौजेच्या लिलावातली जुनी जिप्सी घरी आणली त्या दिवशी अंकिताला मनापासून बरं वाटलं होतं, हे आधी सांगून टाकायला हवं. नंतर तिनं त्या गाडीला आणि गाडीच्या मालकाला जे काही ऐकवलं, त्यावरून गावात असा समज झाला की डॉक्टरीणबाईंचा गाडीलाच विरोध होता. तसं काही नव्हतं. गाडीची खरी गरज तिलाच होती.

अंकिता कुंडलमधली जनावरांची डॉक्टर. शिरवळच्या कॉलेजात शिकलेली, लग्न होऊन इकडं आलेली. या भागात विहिरी उदंड आणि कठडे कमी, त्यामुळं जनावरं विहिरीत पडायला मोकळी. शेळ्या पडत, कुत्री पडत, चरता चरता मागं सरकलेली म्हैस पडे, कधी रात्रीचा भटकलेला कोल्हा पडे. त्यांना वर काढायला गावात एक पथक होतं. कागदावर त्याचं नाव ‘कुंडल प्राणी बचाव पथक’, पण लोक ‘हिरीवाली मंडळी’ म्हणत. अध्यक्ष होते दादासो, ऋषिराजचे चुलते, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. घरात त्यांना सगळे तात्या म्हणत. अध्यक्षपदासाठी निवडणूक झाली नव्हती. तात्या पहिल्याच बैठकीला खुर्चीवर बसले आणि बाकीचे सतरंजीवर बसले, तिथंच निकाल लागला.

पथकाकडं सामान बरं होतं. लांब शिडी, दोरांची भेंडोळी, जाळं, लोखंडी पाइपांची तिवई आणि तिला टांगायची साखळीची कप्पी. नव्हती फक्त गाडी. सामान जायचं बाळासोच्या दुधाच्या टेम्पोतून. बाळासो मनानं चांगला, हाक मारली की यायचा. पण कॅन भरलेले असताना एखादी म्हैस पडली तर तिला दूध पोचून टेम्पो परत येईपर्यंत पोहत राहावं लागे. म्हणून ऋषिराजनं जिप्सी घेतली. निदान घरात त्यानं कारण तेच सांगितलं.

जिप्सीच्या मागच्या बाजूला दोर मावले, जाळं मावलं, तिवईचे पाय तिरके करून मावले. शिडी मावली नाही.

“टपावर दोन आडवे पाइप टाकून घ्या,” अंकिता म्हणाली. “शिडी वर बांधायची, झालं.”

ऋषिराजनं तिच्याकडं असं बघितलं, जसं एखाद्यानं त्याला वरातीच्या घोड्याला गाढवाचं खोगीर घाल म्हटलं असावं.

“पाइप?”

“मग काय? साधं कॅरियर.”

“कॅरियर न्हाई म्हणायचं त्येला, डॉक्टर. रूफ रॅक म्हणायचं. कॅरियर सायकलीला असतंय.”

इथून पुढं दिवाळी येऊन गेली, कारखान्याची धुराडी पेटली, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या आणि ऋषिराज रूफ रॅक निवडत राहिला.

त्याच्याकडं उसाची जमीन होती, पाण्याची सोय होती आणि ऊस स्वतःचा स्वतः वाढतो, त्यामुळं निवडायला भरपूर वेळ होता. सकाळी चहाच्या वेळी स्टील की ॲल्युमिनियम. दुपारी जेवताना टोपली की सपाट. टोपली म्हणजे चहूबाजूंनी कठडा असलेला रॅक आणि सपाट म्हणजे कठडा नसलेला, एवढाच फरक आहे हे अंकिताला पहिल्याच दिवशी कळलं होतं; पण त्या एका फरकावर जगात किती माणसं किती तास बोलू शकतात हे नवऱ्याच्या मोबाइलमुळं कळलं. ऑस्ट्रेलियातला एक लाल दाढीवाला माणूस रोज तिच्या स्वयंपाकघरात येऊन गंजाविषयी बोलून जाऊ लागला. ऋषिराजला इंग्रजी अर्धंच समजे, पण दाढीवाला मान हलवी तिथं हाही हलवी.

“ॲल्युमिनियम हलकं,” तो भाकरी मोडत सांगे. “टपावर वजन जितकं जास्त तितकी गाडी उलटायची भीती जास्त. पर स्टील मजबूत. आणि लागलंच तर आपल्या वेल्डरकडं जोडता येतंय. ॲल्युमिनियम जोडणारा पलूसपतोर कुणी न्हाई.”

“हे सगळं बरोबर आहे,” अंकिता म्हणे. “आता शिडी किती लांब आहे तेवढं मोजून घ्या.”

“ती मोजू की. ती काय पळून जातीया?”

शिडी पळून जात नव्हती. ती बाळासोच्या टेम्पोतून जात होती.

पथकाच्या बैठकीत विषय आला तेव्हा तात्यांनी फौजेतले दाखले काढले. कुठल्या गाडीला कुठं काय बांधलं होतं, ते सुटून कुठल्या दरीत गेलं आणि त्याबद्दल कुठल्या कॅप्टननं कुणाला काय शिक्षा दिली, असं ते बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी रॅकविषयी आपलं एकच मत दिलं: रंग फौजी हिरवा पाहिजे. रॅक कुठला हे ठरलं नव्हतं, पण रंग एकमतानं मंजूर झाला. टाळ्याही वाजल्या.

मग सांगलीला जाऊन झालं. मिरजेच्या वाटेवरच्या एका दुकानदारानं जिप्सीभोवती फेरी मारली आणि म्हणाला, “साहेब, ह्या टपाला दोन्ही बाजूंनी पन्हाळीसारखी कड हाय. तिथं पाय पकडायचे, वर दोन बार टाकायचे. तुमची शिडी आरामात बसंल.” ऋषिराजनं त्याचे आभार मानले आणि बाहेर आल्यावर म्हणाला, “ह्येला काय कळत न्हाई.”

कळणारा माणूस साताऱ्यात होता. त्याचं नाव शिवतेज. त्याचं दुकान हमरस्त्याला लागूनच, पण त्याला दुकान म्हणायचं नसे, स्टुडिओ म्हणायचं. ऋषिराजनं त्याचे सगळे व्हिडिओ पाहिले होते. एका रविवारी तो अंकिताला आणि तात्यांना घेऊन साताऱ्याला निघाला. अंकिताला खरं तर सुट्टी हवी होती, पण तात्या फौजी आणि ऋषिराज भाविक. दोघांत मिळून एक तरी शुद्धीवरचं माणूस गाडीत असावं म्हणून ती गेली.

शिवतेजनं दोरी लावलेली टोपी घातली होती, खोलीत असूनही. त्याच्या पँटला इतके खिसे होते की त्याला स्वतःची किल्ली शोधायला वेळ लागला. स्टुडिओच्या दारात त्याची स्वतःची गाडी उभी होती. तिच्यावर फावडं होतं, कुऱ्हाड होती, पाण्याचे आणि तेलाचे डबे होते, तंबू होता. चाकाला मात्र धुळीचा कण नव्हता.

“तुमचा टेरेन कुठला?” त्यानं विचारलं.

ऋषिराज विचारात पडला. अंकिता म्हणाली, “ऊस.”

शिवतेज हसला. बायका बरोबर आल्या की असं होतं, हे त्याला माहीत असावं.

“वर काय नेणार?”

“शिडी,” अंकिता म्हणाली.

“मॅडम,” शिवतेज फार मायेनं म्हणाला, “रॅक निवडताना आपण काय नेणार हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, आपण कोण आहोत?”

ऋषिराजच्या अंगावर काटा आला. अंकिताला तो दिसला. त्यानं अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता.

तात्यांना मात्र दुसरीच उत्सुकता. त्यांनी भिंतीवरच्या बर्फाळ डोंगरांच्या फोटोकडं बोट केलं. “लडाखला जाऊन आलासा?”

“प्लॅनिंग चालू आहे, सर.”

“आमी हुतो तिथं लय दिवस,” तात्या म्हणाले. “सामान पाठीवर असायचं. गाडी बंद पडली की गाडीबी ढकलायची.”

शिवतेजनं तात्यांच्या सेवेबद्दल आदर व्यक्त केला, त्यांच्याबरोबर फोटो काढला आणि रॅक दाखवायला घेतले. मग जे घडलं ते अंकितानं बसून पाहिलं, कारण बसायला तिथं डेरेदार कॅम्पिंग खुर्च्या होत्या. ऋषिराजनं सपाट रॅकवरून हात फिरवला आणि पुढं गेला. हलक्या ॲल्युमिनियमच्या रॅकजवळ तो थांबला, उचलून पाहिला, खाली ठेवला. मग कोपऱ्यातल्या एका पोलादी टोपलीसमोर त्याचे पाय थांबले. चहूबाजूंनी उंच कठडा, समोर दिव्यांची रांग, बाजूला डबे अडकवायच्या चौकटी, मागं फावड्याची जागा.

“हा एक्स्पिडिशन,” शिवतेज हळू आवाजात म्हणाला.

“हिरव्या रंगात येतंय?” तात्यांनी विचारलं.

येत होतं. निवड झाली.

रॅक बसल्यावर जिप्सीला हार घातला, नारळ फोडला आणि तात्यांनी समोर उभं राहून तिला कडक सलाम ठोकला. ऋषिराजनं सगळ्या बाजूंनी फोटो काढले. बोनेटवर पाय ठेवून काढला. दूर बघताना काढला. दूर म्हणजे शेजाऱ्यांच्या गोबरगॅसकडं, पण फोटोत ते येत नाही.

मग अंकितानं शिडी आणली.

शिडी टोपलीत आडवी बसेना, कारण ती टोपलीपेक्षा लांब होती. गाडीच्या लांबीत उभी ठेवावी तर पुढं दिव्यांची रांग आडवी येई. कठड्यावर तिरकी टेकवली तर पुढचं टोक आभाळात आणि मागचं टोक मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडात. ऋषिराजनं चारी बाजूंनी प्रयत्न केले. तात्यांनी हुकूम सोडले. शेजारचे दोघे येऊन सल्ला देऊन गेले. शेवटी अंकितानं विचारलं, “दिवे काढले तर?”

ऋषिराज रुमालानं दिवे पुसू लागला. असल्या गोष्टीला उत्तर द्यायचं नसतं.

“मग निदान आता आपण कोण आहोत ते तरी कळलं का?” ती म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या एका कामाला शिडी जिप्सीच्या पोटातून नेली. मागचं दार उघडं ठेवलं, शिडीचं एक टोक बाहेर, दुसरं पुढच्या दोन सीटांच्या मधून काचेपर्यंत. अंकिता सगळ्या वाटेनं मान वाकडी करून, शिडी खांद्यावर घेऊन बसली होती. टपावर दोन रिकामे डबे आणि एक फावडं मोकळी हवा खात होतं. नव्या टोपलीमुळं वारा असा शिट्ट्या घालत होता की रस्त्यावरची कुत्री पाठलाग सोडून बाजूला होत होती. त्या कामाला पोचेपर्यंत पडलेली शेळी आपल्या पायांनी पायऱ्या चढून वर आली होती, आणि तिनं या लवाजम्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती अंकिताला फार जवळची वाटली.

त्यानंतर शिडी पुन्हा बाळासोच्या टेम्पोत गेली. जिप्सी टेम्पोच्या पुढं चाले, दिवे लावून. बाळासो गावात सांगायचा, “माझ्या दुधाला आता पायलट गाडी हाय.”

जानेवारीतल्या एका सकाळी नाथाजींचा फोन आला. सागरेश्वरच्या डोंगराकडं त्यांची वस्ती. नाथाजी म्हणजे भागात खिलार जनावरं सांभाळणारा जुना माणूस. त्यांच्या गोठ्यातला बैल बघायला लोक लांबून येत. फोनवर मात्र त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

“डाक्टर, खोंड पडलाय हिरीत. लवकर या.”

खोंड म्हणजे अजून दावं नीट न समजलेलं, पांढरंशुभ्र, काही महिन्यांचं वासरू. विहीर वस्तीपासून दूर, डोंगराच्या अंगाला, वापरात नसलेली. पायऱ्या ढासळलेल्या. अंकिता ऋषिराज आणि तात्यांबरोबर जिप्सीतून पोचली तेव्हा काठावर नाथाजी मांडी घालून बसले होते आणि त्यांची बायको मनुबाई उभी राहून विहिरीला, सरकारला, नवऱ्याला आणि खोंडाला आळीपाळीनं शिव्या घालत होती. शिडी बाळासोबरोबर मागून आली. अंकिता आणि बाळासो शिडीनं खाली उतरले.

खाली पाणी कमरेएवढं आणि बर्फासारखं गार. खोंड एका कपारीला अंग टेकून उभा होता. उभा म्हणजे तीन पायांवर. पुढचा एक पाय गुडघ्याखाली लोंबत होता. अंकितानं त्याच्या कुशीवर हात ठेवला तशी त्याची सगळी कातडी थरथरली आणि तोंडातून एक बारीक आवाज आला. एका बाजूच्या बरगड्या सुजल्या होत्या. श्वास तोकडा, अर्ध्यातच तुटणारा.

नेहमीची पद्धत सोपी होती. पोटाखालून रुंद पट्टा घ्यायचा, कप्पीला अडकवायचा, वर ओढायचं. तिनं पट्टा हळूच पोटाखाली सरकवून जरासा ताणून पाहिला. खोंडानं मान वर टाकली, डोळे पांढरे केले आणि तो पाण्यात बसू लागला. तिनं पट्टा सोडला, दोन्ही हातांनी त्याचं डोकं पाण्यावर धरलं.

“पट्ट्यानं नाही जमायचं!” ती वर ओरडली. “बरगड्या मोडल्यात. आडवं निजवून न्यावं लागेल. काहीतरी सपाट पाठवा! फळी, दार, बाज, काहीही!”

वर गोंधळ उडाला. फळी नव्हती. बाज वस्तीवर होती आणि ती आणायला कुणीतरी पळालं, पण वस्ती जवळ नव्हती. तात्यांनी वरून विचारलं, “परिस्थिती काय हाय?”

“गार आहे, तात्या.”

खोंडाचं डोकं तिच्या हातात जड होत चाललं. मघापर्यंत तो मान ओढून घ्यायचा, आता घेत नव्हता. बाळासो मागून त्याच्या पुठ्ठ्याला आधार देऊन उभा होता आणि त्याचे दात वाजत होते. अंकितानं खोंडाच्या कानामागं चोळायला सुरुवात केली, उगीच, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. “बाज येईल आता,” ती खोंडाला म्हणाली. मग तेच बाळासोला म्हणाली. तिला स्वतःला ते खरं वाटत नव्हतं.

तेवढ्यात वरून लोखंडाचा आवाज यायला लागला. कर्र कर्र, पाना फिरवल्यासारखा, मग काहीतरी ठोकल्याचा. अंकितानं मान वर केली. काठावर ऋषिराज नव्हता. गाडीकडून आवाज येत होता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. इथं जीव जातोय आणि हा माणूस दिवे नीट करतोय. उजेड पाडायचा असेल फोटोला. वर गेल्यावर काय काय बोलायचं त्याची तिनं तिथंच पाण्यात उभं राहून तयारी केली; वाक्यं चांगली जमली होती.

मग विहिरीच्या तोंडावर सावली आली. आभाळाच्या गोल तुकड्यात एक चौकोन शिरला. पूर्वी जिथून मोट चालायची त्या दगडी मोटवणावर पथकानं तिवई उभी केली होती, आणि तिच्या साखळीला चारी कोपऱ्यांनी दोर बांधलेली फौजी हिरव्या रंगाची टोपली डुलत डुलत खाली येत होती. डबे काढलेले, फावडं काढलेलं. दिव्यांची रांग मात्र तशीच होती. ती काढायला वेळ लागला असता.

काठावर पालथं पडून ऋषिराज ओरडत होता, “सरकून घ्या! येतंय, येतंय... बाळासो, पुढचं टोक धर!”

अंकिता खोंडाला धरून कपारीकडं सरकली. तयार केलेली सगळी वाक्यं निकामी झाली.

टोपली पाण्यात बुडवून खोंडाच्या बाजूला आणली. बाळासोनं मागून आणि तिनं पुढून, पाण्याचाच आधार घेत खोंडाला तिच्यात सरकवलं. आत तिची ओली शाल, बाळासोचं जर्किन आणि वरून टाकलेली मनुबाईची घोंगडी. ज्या उंच कठड्यामुळं शिडी बसली नव्हती, त्याच कठड्यामुळं खोंड आता बाहेर घसरत नव्हता. तिनं त्याला कठड्याच्या गजांना पट्ट्यांनी सैलसर बांधलं, मोडका पाय आपल्या पिशवीतल्या लहानशा फळकुटाशी बांधून मोकळा ठेवला आणि वर हात केला.

“घ्या!”

कप्पी करकरली. तात्यांनी फौजेतला आवाज लावला आणि त्या आवाजानं वरची माणसं खरोखरच एका तालात ओढू लागली. हे त्यांच्या नावावर मांडायला हवं. टोपली वर सरकली, फिरली आणि विहिरीच्या दगडावर आदळली. एक दिवा फुटून अंकिताच्या शेजारी पाण्यात पडला. वर ओढणारे थबकले.

“काय झालं?” कुणीतरी विचारलं.

“लाइट गेली,” बाळासो म्हणाला.

“मग जाऊ दे की!” ऋषिराज ओरडला. “ओढा! सगळ्या गेल्या तरी चालतील. खोंड बघा, खोंड!”

सगळ्या नाही, पण बऱ्याच गेल्या. प्रत्येक हिसक्याला एखादी काच खाली येत होती आणि अंकिता आणि बाळासो डोक्यावर हात घेऊन कपारीला चिकटून उभे होते. टपाच्या पन्हाळीत पकडायच्या रॅकच्या पायांपैकी एक पाय दगडात अडकून वाकडा झाला, टोपली एका अंगाला पिळली गेली. पण ती तुटली नाही. काठावरून माणसांनी तिला आत ओढून घेतल्याचा आवाज आला, आणि मग मनुबाईच्या शिव्या अचानक थांबल्या. त्यावरून अंकितानं ओळखलं की खोंड सुखरूप वर गेला.

ती वर आली तेव्हा नाथाजी खोंडाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ऋषिराजच्या हाताची बोटं सोलली होती. घाईत पाना निसटून निसटून लागला होता. अंकितानं आधी खोंडाला इंजेक्शनं दिली, पायाला प्लास्टर घातलं, अंग पुसून काढायला लावलं. मग नवऱ्याच्या बोटांना औषध लावायला घेतलं. जनावरांचंच औषध होतं.

“झोंबतंय,” तो म्हणाला.

“झोंबू दे.”

“खोंड जगंल न्हवं?”

“जगंल बहुतेक. रात्र काढली तर जगंल.”

बाकी माणसं टोपलीभोवती जमली होती. एखाद्या मयताजवळ जमावं तशी. ऋषिराज तिकडं बघत नव्हता.

“आधीच का नाही काढले दिवे?” अंकितानं विचारलं. तिला दुसरं काही विचारायचं होतं.

“वेळ कुठं हुता?” तो म्हणाला. “आणि खरं सांगू? माझं मन न्हवतं हुत. रॅक काढताना बी न्हवतं हुत. पर तुजा आवाज आला खालनं, मग म्हणलं, मराया टाकलंय का हिला खाली.”

तिनं पट्टी बांधली. जरा घट्टच बांधली.

खोंडानं ती रात्र काढली. गावात आठवडाभर हिरीवाल्यांचं नाव झालं. तात्यांनी पुढच्या बैठकीत सांगितलं की एवढा भक्कम पोलादी रॅक घ्यायचा निर्णय त्यांनी मुळात याच प्रसंगाचा विचार करून घेतला होता. फौजेत असंच शिकवतात. सतरंजीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या प्रसंगाचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ साताऱ्याला पोचला, आणि शिवतेजनं तोच रॅक टोपी घालून पुन्हा दाखवला. आता त्याचं नाव एक्स्पिडिशन नव्हतं, ‘रेस्क्यू एडिशन’ होतं. त्याची चाचणी कुठं झाली हे त्यानं सांगितलं, पण कुंडलचा उच्चार चुकवला.

इकडं जिप्सीच्या टपावर दोन आडवे बार बसले. सांगलीच्या त्याच दुकानदारानं बसवले. शिडी वर बांधली तेव्हा ती जराही हलली नाही. ऋषिराजनं तिचा एकही फोटो काढला नाही आणि अंकितानं एक शब्दही काढला नाही. हे दुसरं अवघड होतं, पण तिनं निभावलं. निदान सांगली मागं पडेपर्यंत.

प्लास्टर काढायला ते नाथाजींच्या वस्तीवर गेले तेव्हा उन्हं तापायला लागली होती. पिळवटलेली हिरवी टोपली गोठ्याच्या कुडाला टेकून, विटांवर चढवून ठेवली होती आणि मनुबाईनं तिच्यात कडबा भरला होता.

“लय ब्येस गव्हाण हाय तुमची,” ती ऋषिराजला म्हणाली. “एका अंगाला कलतीया तेवढंच. दुसरी आणून देता का?”

ऋषिराजनं टोपलीचा कठडा हातानं दाबून पाहिला. “स्टील हाय, मावशी. ॲल्युमिनियमचं असतं तर टिकलं नसतं.”

अंकितानं कात्री चालवली. प्लास्टर उकललं, आतला पाय बारीक झाला होता, केस चिकटले होते, पण हाड सरळ जुळलं होतं. तिनं खोंडाला ढकलून उभं केलं. तो तसाच उभा राहिला, चौथा पाय जमिनीवर टेकवावा की नाही याचा विचार करत. नाथाजींनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, खोंडानं कान हलवला, पाय टेकला, एकदा लचकला आणि तडक पुढं जाऊन मनुबाईनं वाळत घातलेल्या कुरडयांचं ताट तुडवून पलीकडच्या उसात घुसला.

“आरं, धरा त्येला मुडद्याला!” मनुबाई ओरडली, आणि पथकाचा माजी रूफ रॅकवाला ऋषिराज त्याच्या मागं उसात पळाला.